ब्यूक घेऊन नांदेडला

११ जुलै २०२४, गुरुवार

सकाळी नांदेडहून ऋतुजाचा फोन. वसंताची, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची सून. आठ वर्षांत त्या घरातून आलेला हा पहिला फोन. म्हणाली, "आत्या, बाबांच्या किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. तुमची आठवण काढतात." मग जरा थांबून, "गाडीची पण."

म्हणजे मुख्यतः गाडीची. ओळखते मी त्याला.

ठराव: नागपंचमीला माहेरी जायचे. ब्यूक घेऊन. पंचमी नऊ ऑगस्टला, हातात चार आठवडे आहेत. गाडीला काहीही झालेले नाही, फक्त सहा वर्षे सुरू केलेली नाही.

१२ जुलै

एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढेमागे माझ्याच मनात गोंधळ नको.

गाडी आप्पांची, आमच्या वडिलांची. १९५५ ची. हैदराबादच्या एका जहागीरदारांनी विकायला काढली आणि आप्पा दवाखाना बंद ठेवून ती आणायला गेले. आप्पा वारल्यावर वीस वर्षे वसंतानेच ती पुसली, चालवली. दर पंचमीला मला माहेरी न्यायला मुराळी म्हणून लातूरला तो हीच गाडी घेऊन यायचा. अख्खी गल्ली बघायला जमायची. हे सगळे मी नाकारत नाही.

पण बहिणींनी भावाच्या नावे हक्कसोड करून द्यायची आमच्याकडे रीत आहे. बहीण कचेरीत जाऊन सही करते, भाऊ साडी देतो, सगळे मिळून चहा पितात. मी सही केली. साडी नको म्हटले, गाडी मागितली. घर त्याला, शेत त्याला. मी काय साडीत गुंडाळून घ्यायचे? गाडी निघाली तेव्हा वसंता मागून कोपऱ्यापर्यंत चालत आला. फाटकाला घासते का ते पाहत असावा.

त्यानंतर बोलणे नाही. मी मोठी आहे, आधी त्याने बोलायला हवे होते. आता बोलला, सुनेच्या तोंडून का होईना. मी मनाने मोठी आहे, सोडून देते.

१४ जुलै, दुपारी

मलप्पा आला. निलंग्याकडचा. डाळ मिलची यंत्रे दुरुस्त करतो. लातुरात ब्यूकला हात लावायच्या लायकीचा दुसरा कोणी नाही. अर्धा तास स्टार्टरचे बटण शोधत होता. मी सांगितले, या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की स्टार्टर लागतो. तो हसला. म्हणाला, "बाई, मशीन लई दमदार हाय. पर रबर समदं मेलंय. आन उंदरांनी मागच्या शिटात संसार मांडलाय."

किती दिवस लागतील विचारले. "बघू की." हे उत्तर नाही. मी चौतीस वर्षे शाळेत अशी उत्तरे फळ्यापाशी उभी केली आहेत.

२७ जुलै

प्रगती उत्तम. कार्ब्युरेटर पूर्ण सुटा झाला आहे. त्याचे भाग व्हरांड्यात वर्तमानपत्रावर मांडलेत. शरणम्मा झाडू मारताना एक स्प्रिंग घेऊन गेली ती सापडत नाही. तिला बोलले तर म्हणते, "बाई, ती गाडी जाईल तवा जाईल, तुम्ही तर जाऊन या. भाऊ गाडीला बोलवायलाय का तुम्हाला?"

कामवाल्या बायकांना जास्त बोलू देऊ नये.

ऋतुजाचाही फोन. तिकडून गाडी पाठवते म्हणाली, तीन तासांत याल. मी स्पष्ट सांगितले, भाड्याच्या गाडीने माहेरी जायची मला सवय नाही.

९ ऑगस्ट, नागपंचमी

गाडी सुरू झाली. हे आधी लिहिते, कारण बाकीचे लोक दुसरेच सांगत फिरतील. पूर्ण एक मिनिट चालली. आवाज असा की शेजारच्या क्लासची मुले नीटचा पेपर सोडून खिडकीत आली. मग रिव्हर्स घेताना बंद पडली. निम्मी फाटकात, निम्मी गल्लीत. सव्वापाच मीटर गाडी आणि नऊ फुटांची गल्ली. दुपारी तीनपर्यंत एकही स्कूटर जाऊ शकली नाही. लोक जे बोलले ते इथे लिहीत नाही. गल्ली अरुंद आहे हा गाडीचा दोष नव्हे.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये काहीतरी मिसळतात, त्याने जुन्या नळ्या विरघळतात असे मलप्पा म्हणतो. १९५५ साली पेट्रोल पेट्रोल होते.

नांदेडला कळवले की राखीला येते.

१९ ऑगस्ट, राखी पौर्णिमा

राखी कुरियरने गेली. संध्याकाळी ऋतुजाने फोन वसंताच्या हातात दिला. आठ वर्षांनी आवाज. फार बारीक झाला आहे. मी तब्येत विचारणार होते, तेवढ्यात तोच म्हणाला, "अक्का, गाडी कशी आहे?"

मी म्हटले, फर्स्ट क्लास. कालच औशापर्यंत जाऊन आले.

का म्हटले माहीत नाही. म्हणजे माहीत आहे. आजारी माणसाला वाईट बातमी देऊ नये. आणि तुझ्याकडून नेली आणि सहा वर्षे पत्र्याखाली कुजवली, हे काय फोनवर सांगायचे?

तो म्हणाला, "मग ये की."

म्हटले, येतेच.

२० ऑगस्ट

आता एक प्रॅक्टिकल अडचण आहे. गाडी औशाला जाऊ शकते तर नांदेडला दुसऱ्या कशाने जाता येणार नाही. तेव्हा मलप्पाने हात चालवायला हवा. त्याला सांगितले. म्हणाला, "बाई, टायर कुठं मिळंना. मुरुडला एकाकडं जुन्या ट्रॉलीचे हायत, बसवून बघू का?" आप्पांच्या ब्यूकला ट्रॉलीचे टायर. मी आत जाऊन पाणी प्यायले. मग हो म्हटले.

१७ सप्टेंबर

गाडीची योग्यता काय आहे ते लोकांना कळत नाही. आज मागच्या सीटवर बसून पाहिले. नवे कापड घातले आहे. आताच्या गाड्यांत गुडघे तोंडापाशी येतात. इथे माणूस दिवाणावर बसल्यासारखा बसतो. दार लावले की बाहेरची गल्ली बंद होते. लहानपणी मी आणि वसंता या सीटवर आडवे झोपायचो, डोक्याला डोके लावून. हैदराबादला कॉन्व्हेंटमध्ये मला सोडायला निघाले की तो उदगीरपर्यंत रडायचा आणि मग माझ्याच डब्यातले खाऊन झोपायचा.

पाऊण तास बसले. शरणम्मा काचेवर टकटक करून चहा देऊन गेली. तिलाही गाडीची किंमत कळू लागली आहे.

१२ ऑक्टोबर, दसरा

गाडीची पूजा. झेंडूचे हार, चार चाकांखाली चार लिंबे. लिंबे चिरडण्यासाठी गाडी पुढे जायला हवी, आणि नेमका पंप बिघडलेला. मलप्पाने मिलमधले चार हमाल आणले. तो स्टिअरिंगवर, हमाल मागून ढकलणार. मी शरणम्माला मोबाईलवर शूटिंग करायला लावले आणि हमाल दिसता कामा नयेत असे बजावले. तीनदा घ्यावे लागले. शेवटचे चांगले आले. गाडी डौलात पुढे येते, क्रोम चमकते, मी बाजूला उभी.

वसंताला पाठवले. खाली लिहिले: दसऱ्याची फेरी.

हे खोटे नाही. फेरीच होती. बारा फुटांची.

१४ ऑक्टोबर

वसंताचा फोन. व्हिडिओ चार वेळा पाहिला म्हणाला. "अक्का, दिसते सुरेख. इंजिनाचा आवाज कसा काय आला नाही?"

म्हटले, ट्यूनिंगच असे केले आहे. अमेरिकन इंजिन, आवाज करत नाही.

मग म्हणाला, "हो का. बरं झालं." आणि लगेच, "अक्का, तू जेवतेस ना वेळेवर?"

हा प्रश्न मध्येच का, कळले नाही. औषधांनी लक्ष भरकटत असेल.

२६ ऑक्टोबर

ऋतुजा म्हणाली, "आत्या, डॉक्टर म्हणतात आता फार दिवस धरू नका. दिवाळीची वाट बघू नका." डॉक्टर लोक नेहमी वाईट सांगून ठेवतात, म्हणजे पुढे त्यांना कोणी बोलत नाही. आप्पा स्वतः असेच करायचे.

तरी मलप्पाला बोलावून भाऊबीजेची तारीख दिली. यात बदल होणार नाही असेही सांगितले. तो रेडिएटरकडे बघत म्हणाला, "बाई, राग धरू नका. इथं रिंगरोडला एक फेरी ठीक. नांदेड लई लांब. तुम्ही निस्ती एसटी धरा, सक्काळी बसलं की दुपारच्या जेवणाला तिथं." मी म्हटले, तुला काम दिले आहे ते कर.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

सकाळी सात वाजता निघालो. मलप्पा चालवायला, मी मागे, शेजारी ओवाळणीचे ताट आणि अनारशांचा डबा. इरकल नेसले होते. रिंगरोडला चहाच्या टपरीवरची माणसे उठून उभी राहिली. एका म्हाताऱ्याने नमस्कार केला. आष्टा मोडपर्यंत अशी गेलो की ताटातल्या निरांजनातले तेल हलले नाही. आयुष्यात इतके बरे कधी वाटले नव्हते. ऋतुजाला फोन केला, सांग त्याला निघालो म्हणून. मागे त्याचा आवाज आला, "उशीला टेकवून बसवा मला, खिडकीकडे."

चाकूरच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ. मग गरम पाणी. मग काहीच नाही. मलप्पाने शेतातून चार घागरी आणल्या, रेडिएटर सगळे पाणी खालून सोडत राहिला. गिअरचे तेलही रस्त्यावर. म्हणाला, "बाई, तुम्ही जावा. म्या बसतो गाडीपाशी." रस्त्यावर हात करून त्याने एक बस थांबवलीसुद्धा. कंडक्टर दार उघडून उभा. म्हणाला, "चला मावशी, जागा हाय."

मी नाही म्हटले. वसंता खिडकीशी बसला आहे. त्याने बघावे आणि मी पायी आत यावे?

बस गेली. आम्ही चारपर्यंत बसलो. अनारसे मलप्पाला दिले. ट्रॅक्टरला दोरखंड बांधून परत आलो. ऋतुजाला सांगितले, वाटेत रस्त्याचे काम चालू होते, सोडेनात. ती म्हणाली, "बरं आत्या." आजकाल त्या घरात सगळे बरं म्हणतात.

४ नोव्हेंबर

नवा प्लॅन. रेणापूरला एकजण पितळी रेडिएटर करून देतो म्हणे. आठ दिवस लागतील. गाडी ट्रकवर चढवून नांदेडच्या वेशीपर्यंत न्यायची आणि तिथून पुढे चालवत. हे आधी सुचायला हवे होते. फाटकापर्यंत दीड किलोमीटर. तेवढे ती सहज जाईल.

मलप्पाला सांगितले. तो टोपी काढून डोके खाजवत राहिला.

६ नोव्हेंबर, संध्याकाळ

वसंता साडेचारला गेला.

ऋतुजा म्हणाली, "सकाळपर्यंत थांबतो आत्या, तुमच्यासाठी." मी विचारणार होते की ट्रक. नाही विचारले.

७ नोव्हेंबर, नांदेड

पहाटे मलप्पाने मोटरसायकलवर स्टँडवर सोडले. मी कधी मोटरसायकलवर बसले नव्हते. त्याने पिशवी हातात दिली आणि म्हणाला, "जावा अक्का." त्याने मला अक्का म्हटले. मी दुरुस्त केले नाही.

नांदेड स्टँडवरून ऑटो केला. घरासमोर दोन्ही बाजूंना माणसे, स्कूटरी, खुर्च्या, आणि मधोमध फाटकासमोर सरळ लांब मोकळी जागा. तिथे कोणी उभेसुद्धा नव्हते. मला वाटले तिरडीसाठी ठेवली असेल. ऋतुजाने सांगितले. जुलैपासून तिथे बाबा कोणाला काही लावू देत नव्हते. दूधवाल्याला सायकलसुद्धा नाही. अक्काची गाडी लांब आहे, वळवायला जागा लागते, असे खुर्ची टाकून सांगत बसायचे. दसऱ्यानंतर ते गाडी येईल असे म्हणायचे बंद झाले, अक्का येईल म्हणू लागले, पण जागा काही कोणाला दिली नाही.

ऑटोवाल्याने ऑटो तिथेच उभा केला. एका टोकाला. बाकी जागा तशीच राहिली.

भाच्याने, ऋतुजाच्या नवऱ्याने, तोंडावरचे कापड बाजूला केले. आप्पांसारखा दिसत होता. मी ओवाळायचे ताट आणले नव्हते, हात तसेच राहिले. कोणी मला काही बोलले नाही. कोणीतरी बोलायला हवे होते, मग मला उत्तर देता आले असते.

सगळे गोदावरीवर गेले आहेत. बायका आत आहेत. मी त्याच्या खिडकीपाशी बसून हे लिहिते आहे.

पहाटेची बस साडेतीन तासांत पोचली. सीट मिळाली, खिडकीची. लातूरहून नांदेडला दिवसभर बस असतात. इथे असे लिहिणार होते की हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक होते.