मानेवरची थाप

निकिता,

रिसोडच्या घोडेस्वारी शिबिरातले तुये फोटो मायी माय साऱ्या आसेगावले दाखवून राह्यली. भाची तिची, घोडी आमची, अन् पोटची पोरगी फोटोत कुठीच नाई. मले पाहवत नाई.

तुले आठवत असन, मी बसली तं रंभा दोन पावलं चालली अन् थांबली. पुन्हा चालवली, पुन्हा थांबली. सारे हासले. सरांनी मले उतरवून तुले बसवलं, तं तीच रंभा दुडक्या चालीनं मैदानभर फिरली. "हिचा हात घोडीला कळतो," सर म्हणाले. तवापासून मी तिच्यावर बसली नाई. चारा टाकतानाई तिच्याकडं पाहत नव्हती.

काल बाबाचा पाय मुरगळला, म्हणून अनसिंगच्या वरातीत लगाम मायाच हातात होता. मांडवाजवळ आलो की आमी रंभाच्या मानेवर थाप मारतो, ती थांबते, मंग नवरदेव उतरते. मी थाप मारली, ती थांबली, अन् मले सारं समजलं. शिबिरात भेवाच्या मारे मी तिच्या मानेवर सारखी थापच मारून राह्यली होती. घोडीले तं मायाच हात कळत होता.

आज सकाळी हात आवरून बसली. रंभा पार नाल्यापर्यंत दौडली.

हे पत्र मी टाकत नाई. सुट्टीत येशीन तवा तू पुन्हा बसतो म्हणशीन. मी म्हणीन, बस न बाई, फक्त मानेवर थाप मारत राह्यजो, तिले लय आवडते.

तुयीच ताई,
वैजयंती