चष्मेवाल्याचं स्टूल

ता. ३

पत्रात अवघड शब्द घालायचा आणि तो वापरून दाखवायचा नाही, ही कुठली रीत? तुझ्या आजोबांनी घातलेला नियम विसरलीस वाटतं. ज्याने नवा शब्द घरात आणला, त्याने तो ओळखीच्या माणसांवर तीनदा चालवून दाखवायचा. नुसता अर्थ लिहिलेला माझ्या डोक्यात राहत नाही. मी दुसरीत शाळा सोडली, अक्कल नाही सोडली.

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याला विचारतंय कोण? तुझी आई मात्र माझ्या गोळ्यांवर पहारेकऱ्यासारखी नजर ठेवून असते.

तू लिहितेस, चष्मेवाला तुला ‘गृहीत धरतो’, म्हणून लग्नाला मन होत नाही. म्हणजे करतो तरी काय? मारतो? पितो? दुसरीकडे बघतो? तसलं काही असेल तर सरळ लिही, मी काठी घेऊन त्याच्या दुकानात जाते. शेजारच्या मास्तरीणबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, गृहीत म्हणजे मानलेलं. मानलेलं तर चांगलंच की! अशाने काय डोंबल कळणार? तुला गल्ल्याशेजारी बसायला त्याने खास स्टूल करून घेतलंय. तारीख ठरायला आली आणि तू एका शब्दावर अडून बसलीस. तीन वाक्यं पाठव. खरी हवीत, पुस्तकातली नकोत.

माया आहे, ती लिहून दाखवत नाही.
तुझी आजी

ता. ८

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

काठी राहू दे. तो मारत नाही, पीत नाही आणि माझ्याकडेच बघतो. मी इथे मजेत आहे. सध्या एका दहा मजली इमारतीच्या दोन्ही लिफ्टची देखभाल माझ्याकडे आहे. आता तुझी वाक्यं.

दादा गृहीत धरतो, की सकाळी इस्त्रीचा शर्ट खुंटीला असणारच. मागे मी घरी होते तेव्हा आई तापाने पडली होती आणि हा खुंटीखाली उभा राहून शर्ट कुठे म्हणून ओरडत होता. आई कुठे, हे विचारलं नाही.

दुसरं माझंच. लिफ्टमध्ये चढणारे लोक मला गृहीत धरतात. मी वर तेलाने माखून दोर आणि ब्रेक तपासते, म्हणून ते खाली निवांत बटण दाबतात. त्यांना मी आठवते ती लिफ्ट बंद पडल्यावर, तीही शिव्यांसकट. याचा मला राग नाही. उलट त्यांनी बेफिकीर असावं, हेच माझं काम.

तिसरं वाचून तू तापशील. आजीने मला गृहीत धरलं आणि चष्मेवाल्याच्या आईला परस्पर सांगून टाकलं, की लग्नानंतर पोरगी लिफ्टचं काम सोडेल. ते ऐकून त्याने स्टूल करून घेतलं. स्टूल सुरेख आहे. माझ्या उंचीचं बरोबर माप लावलंय. फक्त, काम सोडणार का, एवढं विचारायचं राहिलं. मी बोलायला गेले, तर तो हौसेने गादीचं कापड दाखवायला लागला. मी कापड छान आहे म्हटलं आणि परत आले.

आजी, तो मला आवडतो, हीच पंचाईत आहे. नाहीतर केव्हाच नकार देऊन मोकळी झाले असते.

रागावलीस तरी लोभ राहू दे.
तुझी भिंगरी

ता. १४

तिसरं वाक्य झोंबलं. झोंबलं म्हणजेच शब्द कळला.

चि. भिंगरीस आशीर्वाद. तुझं पहिलं वाक्य दादाला मोठ्याने वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः इस्त्री केली. कॉलर जाळली, पण केली. आई गालातल्या गालात हसत होती.

मग मी चष्मेवाल्याकडे गेले. नंबर तपासायचाय म्हटलं, तर त्याने मला त्याच स्टुलावर बसवलं. झकास आहे, खोट काढायला जागा नाही. हे कोणासाठी, असं मी विचारलं. लाजला आणि तुझं नाव घेतलं. ती इथे बसणार हे तुला कोणी सांगितलं म्हटलं, तर म्हणाला, तुम्हीच. मी म्हटलं, मी सांगितलेलं पुसून टाक. तिच्या वतीने बोलायला मला कोणी नेमलेलं नाही.

मग तुझा शब्द त्याच्यापुढे ठेवला आणि घरच्या नियमाप्रमाणे वाक्य करायला लावलं. गडी शाळेतल्यासारखा उभा राहिला. म्हणाला, स्टूल पाहून ती खूश होईल, असं मी गृहीत धरलं. आणि स्वतःचंच वाक्य ऐकून पुसलेलीच काच पुन्हा पुसत बसला. गिऱ्हाईक आलं, त्यालाही थांबवून ठेवलं. शेवटी मला हळूच विचारलं, तिने काम सोडणार नाही म्हटलं तर? मी म्हटलं, ही भीती तुला सुताराकडे जायच्या आधी वाटायला हवी होती.

पोरगा वाईट नाही. पण तुझं मन कुणीकडे ते तूच बघ, माझ्या शिफारशीवर जाऊ नकोस.

रविवारी तो तिकडे येतोय. तू वर कामात असलीस तर खाली थांबायला बजावलंय.

तुझी आजी

ता. क. विचारेल तो, आणि उत्तर तूच द्यायचंस. आईने नाही, दादाने नाही. आणि मी किती खोदून विचारलं, तरी त्याच्या आधी मला सांगायचं नाहीस.