कमलाकर भावजींचा ओपल

४ मार्च १९८४
मुंबईहून कायमचा परत. खडे घासायच्या कारखान्यात दोन महिने काढले, तेवढ्यात सगळं शिकून झालं. शेठ म्हनला, तू घरीच बरा. माझी भीती वाटली असनार. मानिक, नीलम, पुष्कराज, सगळे हाताखालून गेले. मुख्य गोष्ट कळली. खरा खडा आगीला भीत नाय, पान्याला भीत नाय. भिते ती काच. दिवाळीच्या आत महाडला दुकानाचा बोर्ड लावनार. गिऱ्हाइकाशी बोलायला मानूस ठेवीन. ते आपल्याला जमत नाय.

११ मार्च
गोदाताईचा साखरपुडा. कमलाकर भावजी पोलादपूरचे, एमआयडीसीत शिफ्टला जातात. बोटात ओपल. असा खडा कधी बघितला नव्हता. पांढरा, पन हात हलला की आत हिरवी-तांबडी आग पळते. त्यांची आई जानकीबाई सांगत व्हती, शुक्राचा हाय, हा घातला न पोराला नोकरी लागली, हा काळवंडला तर घर काळवंडेल.
बायका आत गेल्या तशी ताई भावजींना म्हनली, आमचा हरी म्हंजे खड्यांचा डॉक्टर. त्यांनी अंगठी काढून माझ्या हातावर ठेवली. म्हनले, मेव्हने, लग्नापर्यंत चमकवा, आईला कळू देऊ नका.
ओपल मला नवीन हाय, असं सांगनार व्हतो. मान हलली ती हो अशी हलली.

१३ मार्च
अंगठी रिठ्याच्या पान्यात उकळली. सगळे सोनार तेच करतात. सोनं फस्टक्लास. खड्यातली आग जरा कमी. मळ वर येत असनार. चांगलं लक्षन.

१४ मार्च, सकाळ
खडा म्हाताऱ्याच्या डोळ्यासारखा झालाय. फळीवर ठेवला, डब्यात ठेवला. कुठं बी ठेवा, बघतो.

१६ मार्च
सव गावच्या गरम पान्याच्या कुंडावर गेलो. त्या पान्यानं मानसाची खरूज जाते, खड्याची का नाय जानार? अंगठी रुमालात बांधून सोडली. पाय सोडून बसलेली एक म्हातारी म्हनली, काय रे, अंडं उकडतोस काय? मला बी दे अर्धं. सगळे हसले. लाजून उठलो न खडा तसाच तापलेला नदीच्या गार पान्यात बुडवला.
टिक् असा आवाज आला. पक्का झाला.

१७ मार्च
आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा. अस्सल ओपलला असतील. खोबरेल चोळलं.

२५ मार्च
शिफ्ट सुटल्यावर भावजी आले. मी गोठ्यात. बाहेर ताईला सांगत व्हते, आई रोज बोट बघते, सोनाराकडे दिलीय म्हनलो, तर म्हनते, मला सपनात आपलं घर अंधारं दिसतं. ताई हसली.
ते गेल्यावर ती गोठ्यात आली. खडा बघितला. हसली नाय. म्हनली, त्यांना कळायच्या आधी तूच सांग रे, मी बाजूला उभी राहीन.
हां म्हनलो. म्हशीपुढं प्रॅक्टिस केली. एकदम क्लियर बोललो.

२६ मार्च
सांगायला जायच्या आधीच जानकीबाई भावजींना घेऊन आली. सोनाराकडे जाऊन आलेली, त्याच्याकडे अंगठीच नाय. ताईनं डब्यातनं काढून दिली. खडा बघून जानकीबाई खालीच बसली. कोनी केलं हे, म्हनली.
मी पुढं झालो. तोंड उघडलं, खोकला आला. परत उघडलं, परत खोकला.
ताई म्हनली, मी उकळला.
जानकीबाई म्हनली, उंबरा ओलांडायच्या आधीच माझ्या पोराची आग विझवलीस गो. भावजी आपल्या मोकळ्या बोटाकडे बघत राहिले. जानकीबाईनं साखरपुड्याची साडी परत मागितली. ताईनं नीट घडी घालून दिली.

२८ मार्च
ठरलं. उद्या पहिल्या गाडीनं एकटा पोलादपूरला जानार. जानकीबाईपुढं उभा राहून सगळं सांगनार. ताई दोन दिवस जेवली नाय. तिला आधी बोललो नाय, सरप्राइज.

२९ मार्च
पहिली गाडी भरलेली व्हती.
दुसरीत जागा व्हती. ती बी जाऊ दिली.