बारा सेकंदांचा आवाज

२ नोव्हेंबर, रविवार

प्रेरणा पवनारला गेली! माझ्या नातीचं आठ दिवसांचं शिबिर — मोबाईलवर गावच्या बातम्या करायच्या, पण भांडण लागणार नाही अशा. सोबत माधवी, प्रेमदासची नात. दोघी बसमध्ये एकाच सीटवर बसल्या आणि मला पाचवीचा बाक दिसला. मी अन् प्रेमदास. कविता मी सुरू करायचो, अडलो की तो पुढं न्यायचा. गुरुजी डोळे मिटून ऐकायचे. बाहेर कापसाच्या बैलबंड्या चाललेल्या...

आता प्रेमदास पारावर येत नाही. गणपतीआधी त्याची बारा सेकंदांची क्लिप फिरली — "या मैदानात मंडप लागूच देनार नाई!" अहो, थट्टा होती! मी समोरच होतो. "मी सरपंच झालो तं या मैदानात मंडप लागूच देनार नाई, ना तुमचा ना आमचा. निस्त्या कविता!" त्यातलं मधलं तेवढंच कोणी तरी उचललं. मी सगळ्यांना सांगून पाहिलं. लोक म्हणाले, "आबाजी, तुमी कवितेतच राहा." दगड चालले. प्रेमदासच्या बायकोचं, देवकाबाईचं कपाळ फुटलं. तेव्हापासून आमची वस्ती अन् प्रेमदासचा बौद्धपुरा — जाणं-येणं बंद.

१० नोव्हेंबर

पोरी आल्या. शिबिराचा अभ्यास घेऊन — ती क्लिप कोणी कोणाला पाठवली, घरोघरी जाऊन विचारायचं. फोनवर नाही, ओट्यावर बसून. दोन्हीकडे, दोघींनी मिळून. शेजारची रुख्माबाई फणकारली म्हणे, "काऊन आल्या वं? अजून आग लावाले?" माधवी म्हणाली, "नाई आजी, कुठून लागली ते पाहाले." चहा मिळाला!

मी मनात म्हटलं, सापडू दे तो चोट्टा.

१३ नोव्हेंबर

सतरा नावं झाली. सतरावा नत्थूजी, आमच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपातला. त्याला कोणी पाठवली? प्रेरणा खाली पाहत बसली. माधवीनंच माझा फोन मागितला.

मीच!

त्या दिवशी प्रेमदास आमची पाचवीची कविता म्हणत होता. ग्रुपवर पाठवावी म्हटलं. आवाज भरायचं ते बटण दाबून धरायचं असतं. माझं बोट बसलं तेव्हा कविता संपून थट्टा सुरू झालेली, आणि ती पुरी व्हायच्या आत सुटलंही. न ऐकताच पाठवली. खाली लिहिलं — ऐका, पाचवीचा आवाज.

"आबाजी, तुमी हो म्हनल्याशिवाय तुमचं नाव बातमीत नाई जानार," प्रेरणा म्हणाली. "आमचा नियमच हाय तसा."

१४ नोव्हेंबर

नाही म्हणालो.

१६ नोव्हेंबर

माधवी वहीत अठरावी ओळ कोरी ठेवून गेली. दोन दिवस तीच डोळ्यांपुढे. म्हातारपणी गाव थुंकेल अंगावर — थुंको!

आज पोरींच्या मोबाईलमध्ये बोललो. चारदा अडलो, पाचव्यांदा जमलं. नावासकट. बाजाराच्या दिवशी चौकात भोंग्यावर लागणार. पण ज्याचं नुकसान झालं त्याला आधी ऐकवायचं, हाही त्यांचा नियम. उद्या प्रेमदासकडे.

१७ नोव्हेंबर

प्रेमदासनं अर्ध्यातच बंद केलं. "मले पयल्याच दिवशी समजलं होतं, रूपराव. तुहा खोकला हाय ना त्याच्यात! नाव सांगतलं असतं तं आमच्या पोरायनं तुह्या घरावर दगड टाकले असते. म्हून चूप राह्यलो."