बीपी माझं, गोळी माझ्या मापाची

३ मार्च
मोतीबिंदूचं ऑपरेशन वीस तारखेला. अट एकच, बीपी आटोक्यात हवं. डॉक्टरबाईंनी रोज सकाळी एक पांढरी गोळी लिहून दिली. बाहेर बाकावर बघतो तर एका रिटायर्ड पोस्टमनच्या हातात तीच गोळी! त्याची प्रकृती कुठे, माझी कुठे? आत जाऊन सांगितलं, माझी केस वेगळी आहे. बाई म्हणाल्या, प्रत्येकाचीच असते, गोळी चुकवू नका. घाईत होत्या बिचाऱ्या.

४ मार्च
बीपी मोजायचं मशीन आणलं. नवी वही काढली. आता सगळं शास्त्रशुद्ध.

६ मार्च
शोध लागला! माझं बीपी मूडवर चालतं. तेव्हा गोळीही मूडप्रमाणे. शांत दिवशी सुट्टी, मेहुणा येणार असेल तर दोन. ही म्हणाली, बाईंना विचारलंत का? विचारायचं काय त्यात? शरीर कोणाचं आहे?

९ मार्च, दुपारी ४
सात वेळा मोजलं. सहा रीडिंग भलतीच वर. मशीनचं डोकं फिरलंय. सातवं त्यातल्या त्यात बरं. तेच वहीत घेतलं.

१३ मार्च
मेहुणा येणार म्हणून दोन घेतल्या. तो आलाच नाही. बाथरूमच्या दारात डोळ्यांपुढे अंधारी आली. हिने धरलं म्हणून वाचलो. नंतर ही खूप रडली. मलाही वाईट वाटलं. पण चूक मेहुण्याची. येतो म्हणून न येणं हा काय प्रकार आहे?

१७ मार्च
पेपर अजिबात दिसत नाही. ही वाचून दाखवते, पण शब्दकोडं परस्पर सोडवून टाकते. तीनच दिवस राहिले! मन एकदम शांत. म्हणून गोळीला सुट्टी.

२० मार्च
ऑपरेशन झालं नाही. नर्सने दोनदा मोजलं आणि धावत बाईंना बोलावून आणलं. महिनाभर पुढे ढकललं. मी वही पुढे केली. बाईंनी पान न् पान वाचलं. माझं इतकं मन लावून आजवर कोणी वाचलं नव्हतं. म्हणाल्या, तुमच्यासाठी खास कागद करावा लागेल. मी हिच्याकडे बघितलं, म्हटलं ऐक!

कागद हिने मोठ्याने वाचला. गोळी तीच, रोज एक. डबा पत्नीच्या ताब्यात. गोळी पत्नीने स्वतः द्यावी आणि जीभ उचलायला लावून गिळल्याची खात्री करावी. मशीन कुलपात.

इतक्या वर्षांत असं कोणालाच लिहून दिलं नव्हतं, असं बाई स्वतः म्हणाल्या. कोणालाच!

२१ मार्च, सकाळी ७
जीभ उचलली. ही म्हणाली, अजून वर.