तुझ्या आईची काटकसर

प्रिय धाकट्या,

ताईकडून तुझा सध्याचा पत्ता घेतला आणि लगेच लिहायला बसलो. फोन लावून लावून अंगठा दुखला, पण तुझा नंबर बंद आहे असं एक बाई फार गोड आवाजात सांगते. तिचं काय जातंय. माझी शाळा चौथीत सुटली हे तुला माहीत आहे, तेव्हा अक्षर लागलं नाही तर दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस, तूच पुन्हा वाच. घरातली गोष्ट घरात राहू दे. कालच्या प्रकारातून मी अजून सावरलेलो नाही. आई बरी आहे, ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर तू घाबरशील. तू माझ्यावर गेला आहेस, पत्र हातात आलं की आधी शेवट बघणारा. या वेळी तसं करू नकोस, क्रमानं वाच, नाहीतर तुला काहीच कळायचं नाही.

तुझं धुलाईचं दुकान बसलं, यंत्रं बँकेनं उचलून नेली, तरी कर्ज राहिलंच. ते माझ्या नावावर आहे आणि सही मी उघड्या डोळ्यांनी केली होती, तेव्हा तुला ऐकवायला हे लिहीत नाही. तू तिकडे हॉटेलच्या चादरी धुवायला गेलास आणि मी पुन्हा सोफेवाल्याकडे जायला लागलो. मालक भला आहे. खुर्च्यांचे पट्टे ताणायला आता माझ्या मनगटात जोर नाही, म्हणून बसून करायचं शिवणकाम देतो आणि वर म्हणतो, काका, तुमच्यासारखा टाका कुणाचा नाही. खोटं बोलतो, पण बरं वाटतं. हप्ता चुकवायचा नाही एवढं मी ठरवलं. कुठे काय कापायचं ते आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. म्हणजे मी बोलत गेलो आणि तुझी आई मान हलवत गेली. वर्तमानपत्र बंद केलं, ते मी आता न्हाव्याच्या दुकानात उभ्यानं वाचतो. केस मात्र तुझी आईच कापते, त्यामुळे न्हावी माझ्याकडे कसा बघतो ते विचारू नकोस. बस सोडली. दूध निम्मं केलं. सदऱ्यांच्या कॉलरी उसवून उलट्या शिवल्या, आतली बाजू नवीकोरी निघते. एका खोलीतला दिवा घालवल्याशिवाय दुसरीतला लावायचा नाही असा नियम केला, आणि मधल्या अंधारात माझा गुडघा दोनदा फुटला. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, आम्ही तर पाय पोटाशीच घेतले. आणि या सगळ्यात तुझ्या आईची एक कुरकूर नाही. मी मालकालासुद्धा सांगायचो, बायको असावी तर अशी.

न्हाणीघराच्या दाराची मूठ बरेच दिवस डगडगत होती. कुलूपवाल्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून मी त्याला जिन्यावरूनच परत पाठवला. म्हटलं, घरात दोन म्हातारी माणसं, कर्ज फिटेपर्यंत चालवून घेऊ. काल सुट्टी होती म्हणून सावकाश आंघोळ केली, कपडे घातले, बाहेर यायला मूठ फिरवली तर ती सगळीच्या सगळी माझ्या हातात. आतल्या बाजूला नुसतं भोक. बाहेरची मूठ शाबूत होती, बाहेरून कुणी फिरवली असती तर दार एका क्षणात उघडलं असतं. म्हणून मी तुझ्या आईला हाक मारली. ती भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात शेंगा चिरत होती. पाटावर सुरी टकटक वाजत होती ती मला इतकी स्वच्छ ऐकू येत होती. मी जोरात हाक मारली. सुरी तशीच चालू. दार ठोकलं, बादली आपटली. सुरी तशीच. वर ती काहीतरी गुणगुणतही होती. आधी राग आला. वाटलं, निम्म्या दुधाचा सूड घेते आहे.

मग सुरी थांबली. धाकट्या, मला वाटलं, पडली. मी दारावर दोन्ही मुठी मारायला लागलो, तिचं नाव घेऊन ओरडलो, जे मी लग्नानंतर चारचौघांत कधी घेतलं नाही. तेवढ्यात दाराखालच्या फटीत सावली दिसली. तिचीच पावलं. मी जीव तोडून ओरडतोय आणि ती सावली आपली सावकाश या बाजूनं आली आणि त्या बाजूला गेली. थोड्या वेळानं परत आली, परत गेली. मी ओल्या फरशीवर बसलो. मला वाटलं, आपणच मेलो की काय. मेलेल्या माणसाचं कुणाला ऐकू येत नाही, ते असंच असेल. काय सुचलं कोण जाणे, ती तुटलेली मूठ मी फटीतून बाहेर ढकलली आणि वाट बघत बसलो. शेवटी सावली आली, थांबली, वाकली. दार उघडलं. हातात मूठ घेऊन तुझी आई उभी आणि मला म्हणते, अहो, मूठ तुटली वाटतं, मग हाक नाही का मारायची?

ती चहा टाकते म्हणून वळली. मी तिच्या पाठीमागून म्हटलं, घराला आग लागली आहे. ती चहाची भुकटी शोधत राहिली. मी तिचा खांदा धरून तिला वळवलं आणि तिच्या कानातलं मशीन काढलं. ते रोज सकाळी ती कानात घालते, मी रोज बघतो. त्याचं बारीक झाकण नखानं उघडलं. आत सेल नव्हता. दुसऱ्या कानातलं काढलं, त्यातही नाही. रिकामी मशीनं घालून ही बाई माझ्यासमोर फिरत होती. कधीपासून, तर आपण काटकसर ठरवली त्या दिवसापासून. ते बटणाएवढे सेल दर आठवड्याला बदलावे लागतात आणि महाग असतात. मला सांगितलं असतं तर मी ते बंद करू दिले नसते, म्हणून सांगितलं नाही. एक जोडी ताई आली की घालायची म्हणून डब्यात ठेवली होती, तीही संपून गेली होती. मी विचारलं, अगं, मग इतके महिने तू माझ्याशी बोललीस कशी? माझ्या ओठांकडे बघून तिला प्रश्न कळला आणि ती हसायला लागली. म्हणे, तुमचं काय हो, सकाळी विजेचं बिल, संध्याकाळी हप्ता. तोंड बघितलं की कळतं. त्याला ऐकावं कशाला लागतं?

तिला गंमत वाटली. मला नाही वाटली. कारण मी नुसतं बिलाचं बोलत नव्हतो रे. दिवा घालवल्यावर अंधारात मी तिला जे सांगायचो ते मी आयुष्यात कुणाला सांगितलेलं नाही. कर्ज फिटायच्या आत मी गेलो तर तुझं काय होईल गं, असं मी तिला विचारलं होतं. ती शांतपणे कूस बदलून झोपली, तेव्हा मला वाटलं, केवढा धीर आहे हिच्यात. तिच्या त्या धीराकडे बघून मी सकाळी कामाला जायचो. आणि धीर कसला, तिला ऐकूच गेलं नव्हतं. मी तसाच पायांत चपला सरकवून सेल आणायला गेलो. दुकानदार म्हणाला, आजोबा, दम खा. सेल घातल्यावर तुझ्या आईनं सगळ्यात आधी काय म्हणावं? तुम्ही केवढ्यानं ओरडता हो, शेजारी काय म्हणतील.

हे सगळं सांगायला मी ताईला फोन केला. वाटलं, ती हसेल नाहीतर मला बोलेल. ती रडायला लागली आणि मग तिनं तुझं सांगितलं. हॉटेल बंद पडलं, राहायची खोलीही त्यांचीच होती ती गेली, आणि तू एका दुपारी आईला फोन करून विचारलंस की काही दिवस घरी येऊ का. आणि आई नको म्हणाली. ताईनं तुला तिच्याकडे बोलावलं तर तू म्हणालास, आईच नको म्हणते तर कुणाच्याच दारात जायचं नाही. म्हणून ताईही आईवर रागावून इतके दिवस इकडे फिरकली नव्हती. आता नीट वाच. मी दुपारी कामावर असतो, तेव्हा तुझे फोन मी कधी ऐकले नाहीत. फोन मांडीवर घेऊन ती बसायची, त्याचा दिवा लागला की उचलायची, तुला बोलायला थोडा वेळ द्यायची आणि मग म्हणायची, आम्ही मजेत आहोत, उगाच भाड्याला पैसे घालून येऊ नकोस, तू तिकडचंच बघ. दर वेळी तेच. मला कालच कळलं, कारण मी तिला ते म्हणून दाखवायला लावलं. आणि मी घरी आलो की मला सांगायची, फोन आला होता, बरा आहे, वेळेवर जेवतो, थोडा जाड झालाय. ते सगळं तिनं मनानं रचलेलं. तिला तुझा आवाज गेल्या कित्येक महिन्यांत ऐकू आलेला नाही. तू काय विचारलंस ते तिला आजही माहीत नाही, आणि मी सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर ती ते मशीन पुन्हा कानात घालणार नाही, किंवा जेवणार नाही, मला काही सुचत नाही. म्हणून हे पत्र. तुला कुणी नको म्हटलेलं नाही. ताई भाड्याचे पैसे पाठवते आहे, ते परत करण्याचा शहाणपणा करू नकोस, आणि हप्त्याचं मला सांगू नकोस, तो माझा मी बघतो. तू ये. आणि जे विचारलं होतंस ते घरात येऊन, तिच्यासमोर उभा राहून, एकदा पुन्हा विचार.

तुझाच, आणि वाटेकडे डोळे लावून बसलेला,
बाबा