राउटर आता फळीवर आहे

बाबा,

राउटर टीव्हीमागून काढून पॅसेजमधल्या वरच्या फळीवर ठेवलाय. लोखंडी कपाटाआड सिग्नल अडत होता. आता तुमच्या खोलीतही नेट नीट येतं, मी काल तपासलं. तुमच्याच खुर्चीत बसून मावशीला व्हिडिओ कॉल लावला. चाळीस मिनिटं तिने माझं डोकं खाल्लं, चित्र एकदाही अडकलं नाही.

मग तुम्ही दादाला लावलात. "ऑपरेशनला येतोस ना?" असं विचारलंत आणि लगेच त्याचं "हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय" सुरू झालं. मी मागेच उभी होते. त्याचा आवाज खणखणीत येत होता.

तेव्हा इंटरनेटवाल्याला पुन्हा फोन करून फैलावर घेऊ नका. तो बिचारा तीनदा येऊन गेला. हा बिघाड त्याच्या हातातला नाही.

दादा येईल म्हणून तुम्ही मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललंत. आज ऑफिसातून येताना मी डॉक्टरांकडून तारीख घेऊन येते. सोबत मी असेन. दादाला कळवायचं तर कळवा, पण तो काहीही म्हणाला तरी तारीख बदलणार नाही.

धाकटी